दुसरी तार कुठे आहे? मुंबईची ट्राम ते नगरची रेल्वे

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन नगरच्या रेल्वे स्टेशनवर उभे राहिले, की एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो, "सर, बल्ब पेटवायला सेलपासून दोन तारा लागतात. एक काढली की बल्ब विझतो. मग गाडीच्या डोक्यावर एकच तार कशी?"

प्रश्न अगदी योग्य आहे. मंडल पूर्ण झाल्याशिवाय विद्युतप्रवाह वाहत नाही, हे आपणच त्याला शिकवलेले असते. दुसरी तार गाडीच्या पायाखाली आहे. वरच्या तारेतून आलेला प्रवाह इंजिनातून चाकांत, चाकांतून रुळांत आणि रुळांतून पुन्हा विद्युत उपकेंद्राकडे जातो. उत्तर दोन वाक्यांत संपले. पण ही साधी रचना सापडायला बरेच प्रयोग करावे लागले, आणि ती सापडल्यावरही नगर जिल्ह्यात पोचायला फार वर्षे लागली. असे का झाले, हे समजायला ओहमचा नियम पुरेसा आहे.

१८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्स यांनी विजेवर चालणारी छोटी आगगाडी लोकांना दाखवली. जेमतेम ३०० मीटरचा गोल मार्ग, १५० व्होल्ट दाब आणि प्रवासी बाकांवर बसलेले. दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, त्यांनीच बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड येथे विजेची ट्राम सुरू केली. तिथे वर तारच नव्हती. एका रुळातून प्रवाह जाई आणि दुसऱ्यातून परत येई. कागदावर हे उत्तम. पण रस्ता जिथे रूळ ओलांडी, तिथे घोड्याचा एक पाय या रुळावर आणि दुसरा त्या रुळावर पडला की मंडल पूर्ण होई, घोड्यातून! नाल ठोकलेल्या घोड्यांना झटके बसू लागले, माणसांनाही बसले. तेव्हा जिवंत तार माणसांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर वर टांगायची आणि रुळांकडे फक्त परतीचे काम द्यायचे, हा मार्ग पुढे रूढ झाला.

तो मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवला फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याने, १८८८ साली रिचमंड शहरात. गाडीच्या टपावर स्प्रिंगने वर दाबलेला दांडा, त्याच्या टोकाला तारेखालून पळणारे छोटे चाक, आणि मोटर थेट चाकांच्या आसाजवळ बसवलेली. शहरात चढ मोठे होते, तरी गाड्या ते चढल्या. त्यानंतर काही वर्षांतच जगभरच्या शहरांतून ट्रामचे घोडे सुटले.

मुंबईतही ट्राम आधी घोड्यांचीच होती. ९ मे १८७४ रोजी ती सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी हा तिचा एक मार्ग, आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी हा दुसरा. घोड्याला चारा लागतो, विश्रांती लागते, मुंबईच्या उन्हात तो लवकर थकतो. म्हणून एका गाडीसाठी दिवसभरात घोड्यांच्या अनेक जोड्या ठेवाव्या लागत. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली (आजच्या 'बेस्ट'ची ही पूर्वज). तिने वाडीबंदरला वाफेवर चालणारे वीजघर उभारले आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. मुंबईकरांच्या घरात वीज येण्यामागे ही ट्राम होती, हे विसरले जाते. दिव्यांची वीज संध्याकाळी लागे, ट्रामला ती दिवसभर लागे. त्यामुळे वीजघर रिकामे बसत नसे. १९२० साली दुमजली ट्राम आल्या. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. बसगाड्या वाढल्या आणि रस्त्याच्या मधोमध असलेले रूळ अडचण वाटू लागले. आज मेट्रोसाठी तेच शहर खोदलेले पाहताना तो निर्णय घाईचा वाटतो. पण त्या वेळच्या गर्दीत उभे राहून कदाचित तसे वाटले नसते.

ट्राम चालवणारा माणूस पुढे उभा राहून पितळी हँडल टप्प्याटप्प्याने फिरवी. त्या हँडलाखाली काय घडे, हे वर्गात दाखवता येते. मोटर फिरू लागली की तिच्यातच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होतो आणि तो प्रवाहाला आवर घालतो. पण गाडी उभी असताना हा उलटा दाब शून्य असतो. अशा वेळी पूर्ण दाब दिला तर प्रवाह इतका वाढेल की मोटर जळेल. म्हणून सुरुवातीला ट्रामच्या दोन मोटरी एकसर जोडत आणि वर काही रोधही घालत. वेग आला की रोध काढून टाकत, मग मोटरी समांतर जोडत. खेळण्यातल्या दोन मोटरी आणि दोन सेल घेऊन हा प्रयोग करा. एकसर जोडणीत प्रत्येक मोटरीला निम्मा दाब मिळतो आणि ती मंद फिरते; समांतर जोडणीत वेग घेते. (दोन बल्बही चालतील, पण मोटरीत मुलांना अधिक मजा वाटते.) ट्रामची मोटर दिष्ट प्रवाहाची, म्हणजे डीसीची असे. गाडी हलवण्याच्या क्षणी सर्वांत जास्त जोर लागतो आणि ही मोटर नेमकी त्याच क्षणी सर्वांत जास्त जोर देते.

डीसीची खरी अडचण अंतराची होती.

हे गणित फळ्यावर करून पाहू. ट्रामसाठी जगभर साधारण ५०० ते ६०० व्होल्ट दाब वापरत. समजा, ६०० व्होल्टवर एक ट्राम ६० किलोवॉट शक्ती घेते; म्हणजे १०० अँपिअर प्रवाह. ८० चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.२ ओहम असतो. वीजघर १० किलोमीटर दूर असेल तर रोध २ ओहम, आणि २०० व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ट्रामला उरतात ४००. हे एकाच ट्रामचे झाले. त्याच तारेवर तीन ट्राम निघाल्या तर उरणार काय? ट्राम शहरातच का फिरत राहिली, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे.

परतीच्या वाटेचीही कटकट होती. रुळांचे सांधे गंजले की प्रवाहाला अडथळा येतो. मग तो रूळ सोडून ओल्या मातीत शिरतो, जवळच्या पाण्याच्या नळातून प्रवास करतो आणि वीजघराजवळ पुन्हा मातीत उतरतो. जिथे तो नळ सोडतो, तिथे लोखंड विरघळते. विद्युत अपघटनाचा धडा झाला असेल तर फॅरेडेच्या नियमाने मुलांना मोजू द्या: एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून असा बाहेर पडत राहिला तर सुमारे ९ किलो लोखंड खाऊन टाकतो. म्हणून दोन रुळांच्या सांध्यावर तांब्याची जाड दोरी जोडण्याची पद्धत पडली.

अंतरावर अमेरिकेत एक तोडगा निघाला. तिथे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या विजेच्या गाड्या निघाल्या. त्यांना 'इंटरअर्बन' म्हणत. १९१६ च्या सुमारास असे सुमारे २५ हजार किलोमीटर मार्ग होते. वीज उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, स्वरूपात दूर न्यायची, मार्गालगत ठिकठिकाणी उपकेंद्रे बांधायची, तिथे रोहित्राने दाब उतरवायचा आणि फिरत्या यंत्राने तिचे डीसी करून तारेत सोडायची. पुढे मोटारी आणि पक्के रस्ते आले आणि दोन-तीन दशकांत त्यातले बहुतेक मार्ग बंद पडले.

आपल्याकडे हीच रचना ट्रामने नाही, तर रेल्वेने उचलली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने भारतातली पहिली विजेची आगगाडी धावली. दाब १५०० व्होल्ट डीसी. उद्घाटन करणारे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन हे नाव नगरकरांना परके नाही. पुढच्याच वर्षी अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे धरण त्यांच्या हस्ते खुले झाले आणि त्याला विल्सन डॅम हे नाव मिळाले. रेल्वेने आपल्यासाठी कल्याणजवळ चोळा येथे स्वतंत्र वीजघर बांधले. १९२९-३० या काळात तार बोरघाट चढून पुण्याला आणि कसारा घाट चढून इगतपुरीला पोचली. १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' सुरू झाली. दोन शहरांमध्ये विजेवर धावणारी ही गाडी म्हणजे आपली इंटरअर्बनच म्हणायची, फक्त भारदस्त.

आता नकाशा काढा. दौंड ते मनमाड हा नगरवरून जाणारा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग १८७८ सालचा. १९३० मध्ये त्याच्या एका बाजूला पुण्यापर्यंत तार आली होती आणि दुसऱ्या बाजूला इगतपुरीपर्यंत. नगर दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात राहिले. तिथे आधी वाफेची इंजिने आणि मग डिझेलची इंजिने धावत राहिली, आणि हे सुमारे नव्वद वर्षे चालले.

त्याचे कारण पुन्हा फळ्यावर मांडू. मालगाडीच्या इंजिनाला ३००० किलोवॉट लागतात असे धरा. १५०० व्होल्टवर प्रवाह २००० अँपिअर. एवढा प्रवाह नेण्यासाठी तारा जाड लागतात आणि उपकेंद्रे थोड्या-थोड्या किलोमीटरवर बांधावी लागतात. मुंबईत मिनिटामिनिटाला लोकल असते, तिथे हा खर्च निघतो; घाटात वाफेच्या इंजिनाची दमछाक होते, तिथेही निघतो. सपाट पठारावरच्या, मोजक्या गाड्यांच्या एकेरी मार्गावर तो निघत नव्हता. हाच दाब २५,००० व्होल्ट केला तर प्रवाह फक्त १२० अँपिअर उरतो. तारेतला ऊर्जाव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्याच तारेत तो सुमारे २७८ पटींनी कमी होतो. उपकेंद्रे चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक अशी पुरतात.

भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी ही पद्धत १९५७ साली स्वीकारली. मग रोहित्र आणि एसीचे डीसी करणारे साधन इंजिनातच बसवता आले. म्हणजे जे काम उपकेंद्राच्या इमारतीत चाले, ते चाकांवर आले. इगतपुरीच्या पुढचा मार्ग या नव्या पद्धतीने झाला. मुंबईचे जुने १५०० व्होल्टही बदलत गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर, म्हणजे जिथे ते सुरू झाले तिथेच, संपले. नगरच्या मार्गावर अखेर तार आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-शिर्डी 'वंदे भारत' मनमाड-पुणतांबा मार्गे सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-पुणे 'वंदे भारत' कोपरगाव, नगर, दौंड करत धावू लागली. या गाड्या केवळ विजेवरच चालतात. शहराचे नाव तोवर अहिल्यानगर झाले होते.

या मार्गालगतच्या शाळांतील शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगायला हवी. आपल्या भागात रुळांवर तार नसण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. उभ्या मालडब्यावर चढणे, रुळाकाठी लांब काठीने बोरे पाडणे, पतंग उडवणे हे मुले सहज करत आली. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लावावाच लागतो असे नाही; माणूस फार जवळ गेला तर मधल्या हवेतूनही ठिणगी उडी घेते. डब्याच्या टपावर उभ्या राहिलेल्या मुलाचे डोके तारेच्या धोकादायक अंतरात येते. ओला मांजा, ओली काठी प्रवाह वाहून नेते. फाटकाच्या दोन्ही बाजूंना जी लोखंडी कमान उभी असते, ती उसाच्या उंच ट्रॉल्या अडवण्यासाठी आहे. ती वाकवून किंवा चुकवून ट्रॉली नेणारा पालक वर्गातल्याच कोणाचा तरी असतो, आणि पालक पुष्कळदा शिक्षकापेक्षा स्वतःच्या मुलाचे अधिक ऐकतो.

मग म्हशी त्याच फाटकातून रूळ ओलांडतात, त्यांना झटका कसा बसत नाही? लिश्टरफेल्डच्या घोड्यांची गोष्ट ऐकल्यावर मुले हे विचारणारच. तिथे दोन रुळांमध्येच पूर्ण दाब होता. इथे दोन्ही रूळ परतीच्या बाजूला आहेत, जमिनीशी जोडलेले, त्यामुळे त्या दोहोंत दाबाचा फरक जवळजवळ नसतो. फाटकाबाहेर, सुरक्षित अंतरावर उभे राहून मुलांना तारेच्या खांबाचा पायथा पाहायला सांगा. खांबाला रुळाशी जोडणारी लोखंडी पट्टी बहुधा दिसेल. वरची तार तुटून खांबावर पडली, तर प्रवाह त्या पट्टीवाटे रुळात जातो आणि उपकेंद्रातला स्विच क्षणात तुटतो.