गाठीतला प्राणवायू

माझ्या वर्गातील एका मुलाच्या आजीवर कर्करोगासाठी किरणोपचार चालू होते. आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे, असे सहा आठवडे! तास संपल्यावर त्याने मला विचारले, "सर, हे सगळे किरण एकदाच का देत नाहीत? आजीचे हेलपाटे तरी वाचतील."

प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तरात प्राणवायूचा मोठा वाटा आहे.

शोषलेल्या किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की मात्रा १ ग्रे झाली. गाठीला एका दिवशी बहुधा २ ग्रे देतात. एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान किती वाढेल, याचे गणित करून पाहा. उत्तर येईल सुमारे ०.०००५ अंश सेल्सिअस! म्हणजे पेशी भाजून मरत नाहीत. मग मरतात कशाने?

पेशीत पाणी भरपूर असते. क्ष-किरणांमुळे पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन उडतात व 'मुक्त मूलके' तयार होतात. ती फार क्रियाशील असतात. पेशीकेंद्रातील डीएनएच्या रेणूवर ती घाला घालतात. पण ही जखम अजून कच्ची असते. जवळपास प्राणवायू नसेल, तर पेशीतील काही रसायने हायड्रोजनचा अणू देऊन ती लगेच भरून काढू शकतात. प्राणवायू असेल, तर तोच त्या जागी जोडला जातो आणि जखम पक्की होते. हा सारा खेळ काही सहस्रांश सेकंदांत आटोपतो. म्हणून किरण पडतानाच प्राणवायू तेथे हजर हवा. मागाहून येऊन उपयोग नाही.

प्राणवायूला पारखी झालेली पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. लुई हॅरोल्ड ग्रे या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९५३ मध्ये या गोष्टीचे किरणोपचारातील महत्त्व दाखवून दिले. वरील एकक त्यांच्याच नावाचे आहे.

पण गाठीत प्राणवायू कमी का असावा? १९५५ मध्ये टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुफ्फुसातील कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेशींच्या पुंजक्यांना रक्तपुरवठा बाहेरून होत होता. पुंजक्याची त्रिज्या ०.२ मिलिमीटरहून अधिक असली, की मधल्या पेशी मेलेल्या आढळत. कालव्याचे पाणी वरच्या शेतांनीच घेतले, तर शेवटच्या शेतापर्यंत ते पोचत नाही. तसेच येथे होते. वाटेतल्या पेशी प्राणवायू वापरून टाकतात व आत तो उरत नाही.

खरा धोका मेलेल्या पेशींचा नाही. जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर काही पेशी प्राणवायूविना कशाबशा तग धरून असतात. किरणांना त्याच दाद देत नाहीत. त्या वाचल्या, तर गाठ पुन्हा वाढू शकते.

आता आजीच्या हेलपाट्यांकडे वळू. पहिल्या काही मात्रांनी प्राणवायू मिळणाऱ्या बाहेरच्या पेशी मरतात. प्राणवायूचे गिऱ्हाईक कमी झाले, की तो आतल्या उपाशी पेशींपर्यंत पोचू लागतो. मग पुढची मात्रा त्यांनाही लागू पडते. शिवाय मधल्या वेळात गाठीशेजारच्या निरोगी पेशींना आपली दुरुस्ती करता येते. काही लहान गाठींना हल्ली अचूक नेम धरून मोजक्याच, पण मोठ्या मात्रा देतात. परंतु पुष्कळ रुग्णांसाठी आजही थोडे-थोडे देण्याचीच रीत आहे.

रक्तातील हिमोग्लोबिन कमी असले, तर गाठीला प्राणवायू आणखी कमी मिळतो. म्हणून डॉक्टर त्यावरही लक्ष ठेवतात. तंबाखूच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो व प्राणवायूची जागा अडवतो. उपचार चालू असताना विडी-सिगारेट सोडायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "आजीला म्हणावे, कंटाळून एकही दिवस चुकवू नकोस. पडलेल्या खंडात गाठीला वाढायला सवड मिळते." दुसऱ्या दिवशीपासून तो स्वतःच आजीला रुग्णालयात घेऊन जाऊ लागला.