बाजारातले बारा फूट

बाजाराचा दिवस. गाडी कुर्डुवाडीकडे निघून गेली आहे. जेऊर स्टेशनातून माणसं बाहेर पडतात, कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या खांद्यावर पोतं. मार्च सरत आलाय. आठ वाजलेत, तरी ऊन मानेला चावतंय. रस्त्याकडेला पालं उभी राहतायत. डांबरात पहार जात नाही, म्हणून पालाची दोरी दगडाला बांधली जाते.

ग्रामपंचायतीची तीन माणसं येतात. पुढे शिपाई, हातात फक्कीनं भरलेलं घमेलं. मागे वसुली कारकून, बगलेत पावतीपुस्तक. शेवटी ग्रामपंचायत अधिकारी. सगळा बाजार त्यांना भाऊसाहेब म्हणतो. शिपाई वाकतो, मूठ सैल सोडतो, आणि रस्त्याच्या एका अंगानं पांढरी रेघ उमटत जाते. मग दुसऱ्या अंगानं. मधे बारा फूट.

‘‘रेघंच्या आत कुणी बसायचं न्हाय. पाय बी न्हाय.’’

मी त्यांच्या मागून चालतो. आधी भाजीची रांग लागते. मेथीच्या जुड्या, वांगी, शेवग्याच्या शेंगा, गोणपाटावर ओतलेला कांदा. इथं गटारावर फरशा टाकल्या आहेत. मावश्या त्या फरशांवर पोती अंथरून मागे सरकून बसल्या आहेत. रेघ अख्खी आहे. शिपाई न थांबता पुढे जातो. कारकून पावती फाडतो, पैसे घेतो, चिल्लर मोजतो.

बारा फूटच का, मी विचारतो. भाऊसाहेब चालता चालताच हिशेब सांगतात. कायद्यानं गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. बंब असो, उसाचा ट्रॅक्टर असो, की २०१४ पासून राज्यात धावणारी १०८ ची रुग्णवाहिका, सगळ्या त्या मापात बसतात. उरलेल्या साडेतीन फुटांत गिऱ्हाईक अंग चोरून उभं राहतं. जेऊर ते करमाळा अठरा-वीस किलोमीटर. तिकडून बंब मागवला, तर तो यायलाच वेळ जाणार. आल्यावर पालांच्या दोऱ्यांत अडकून चालत नाही.

दोऱ्या. त्या जागोजागी आहेत. मोटारसायकलवाल्याच्या बरोबर गळ्याच्या उंचीला. शिपाई काठीनं एक दोरी उचलतो. ‘‘मामा, ही वर बांधा, न्हायतर चिंधी तरी लावा.’’ मामा पालातून लाल चिंधी काढून गाठ मारतात. चिंधी आधीच काढून ठेवलेली होती. दर बाजाराला हे बोलणं होतं, आणि दर बाजाराला गाठ पडते.

पुढे तेलाचा वास. भज्यांची कढई उकळतेय. गाडीखाली लाल टाकी आहे, १४.२ किलोची, घरगुती. धंद्याला १९ किलोची व्यावसायिक टाकी लागते. हा विषय तहसीलच्या पुरवठा खात्याचा. भाऊसाहेब टाकी जप्त करू शकत नाहीत. ते गुडघ्यावर बसून नळी बघतात. नळीला चिरा गेल्या आहेत. ‘‘आज ही बदल. दुकान समोरच हाय.’’ पोरगा मान हलवतो. भाऊसाहेब उठत नाहीत. मग तो कढईखालचा जाळ बंद करून दुकानाकडे पळतो.

कारकून मला वहीचं शेवटचं पान दाखवतो. तिथं १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातलं कलम ५३ हातानं उतरवून घेतलं आहे. सार्वजनिक रस्त्यात अडथळा केला तर दंड पन्नास रुपयांपर्यंत. शाबीत झाल्यावरही अडथळा राहिला तर पुढे रोज पाच रुपयांपर्यंत. तोही गुन्हा शाबीत झाल्यावर, जागेवर नाही. अडथळा काढून टाकायचा अधिकार मात्र पंचायतीला आहे. समोरच्या ढिगातला लसूणसुद्धा पन्नास रुपयांत किती येईल? या दंडाला कुणी भीत नाही. इथं जे काही चालतं, ते रोजच्या ओळखीवर आणि पायी फिरण्यावर.

चौक ओलांडला की फरशा संपतात. गटार उघडं आहे. काळं पाणी, वर माश्या. आणि इथं रेघ पुसली आहे. पोती रेघेच्या दोन फूट पुढे. कलिंगडांचा ढीग आणखी पुढे. मोटारसायकली आडव्या.

‘‘मावशी, मागं घ्या.’’

‘‘कुठं मागं घिऊ? मागं गटार हाय. गटारात बसू का?’’

शिपाई गप्प होतो. भाऊसाहेबही. मावशी काकड्यांवर पाणी मारते. तिच्या मागे खरंच वीतभरही जागा नाही.

अकराला मासळीच्या टोकाला पोचतो. उजनीची चिलापी, कटला, रोहू. बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहतंय, पाय घसरतो. डोक्यावरचं प्लास्टिक तापून फडफडतंय. एवढ्यात मागून मोठ्यानं गाणी ऐकू येतात. हंगाम संपत आलाय, तरी उसाच्या गाड्या चालू आहेत. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागच्या ट्रॉलीला लाल कापड आहे, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलाय.

शिपाई मागे ट्रॅक्टरकडे धावतो, आम्हीही त्याच्या मागे. आधी गाणी बंद करायला लावतो, मागून कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. मग काठी आडवी धरून ट्रॅक्टरच्या पुढे उलटा चालू लागतो. भाजीच्या रांगेतून गाडी सरळ निघते. कुणी उठत नाही, कुणी ओरडत नाही. चौक ओलांडला की चाक अडतं. कलिंगडं हलवा, गाडी हलवा, पोरगं उचला. मावशी काकड्यांचं पोतं ओढते, तिचा एक पाय गटाराच्या काठावर. मी आणि आणखी दोघं पोत्याचं दुसरं टोक धरतो. उसाचं वाढं तिच्या पदराला घासून जातं. मी घड्याळ बघतो. फरशांच्या भागाला मिनीटही लागलं नाही. उघड्या गटाराच्या भागाला दहा मिनिटं गेली. ट्रॅक्टरच्या जागी रुग्णवाहिका असती तर, हे कुणी बोलत नाही. सगळ्यांच्या तोंडावर दिसतं.

उन्हं डोक्यावर. भाऊसाहेब पिंपळाखाली टेकतात, वही उघडतात. तोंडी समज कितीजणांना, नळी बदलली, दोऱ्या वर घेतल्या. दंडाच्या रकान्यात काही नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्यातली पुढची १ मेला. ते विषयपत्रिकेच्या कच्च्या कागदावर एक ओळ वाढवतात: बाजाररस्त्यावर पक्क्या रंगाची रेघ मारणे.

मावशी पाणी प्यायला तिथं आलेली असते. कागदावर काय चाललंय ते ती विचारते. कारकून वाचून दाखवतो.

‘‘रंग मारा की. पण आधी फरशा टाका. मग बघा, कोण बसतंय रेघंच्या आत.’’

ती खरं बोलतेय. फरशांवर बसलेल्यांना आज कुणी एक शब्द बोललेलं नाही, आणि तिथंच नियम जसाच्या तसा पाळला गेलाय. माणसाला मागे सर म्हणायचं असेल, तर मागे जागा करून देणं हे पंचायतीचं पहिलं काम. भाऊसाहेब क्षणभर कागदाकडे बघतात. मग लिहिलेल्या ओळीच्या वर, थोड्याशा उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहितात: चौकापुढील उघडे गटार फरशीने झाकणे. आणि त्या ओळीला क्रमांक देतात, एक.