पेरणीयंत्राला रंग मारताय? आधी गंज काढा

पेरणीयंत्रावर राहिलेलं खत हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंड खातं. गंजावरच रंग मारला तर आतून गंज वाढत राहतो, पोपडे सुटतात आणि ऐन पेरणीत फ्रेमचा सांधा तुटतो. म्हणून मृगाआधी, कडक ऊन आहे तोवर हे काम उरका.

१) खताची पेटी रिकामी करा. फ्रेम पाण्याने धुवून उन्हात पूर्ण वाळवा.
२) पोपडे खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. डोळ्याला चष्मा, तोंडाला रुमाल हवाच.
३) सांधे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. लोखंड दबलं किंवा भोक पडलं तर आधी वेल्डिंग, मग रंग.
४) थिनरच्या फडक्याने धूळ, ग्रीस पुसा. जवळ विडी-काडी नको.
५) त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर मारा. घासलेलं उघडं लोखंड रात्रीच्या दमटपणानेही परत गंजतं.
६) प्रायमर पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्या.

चेन, बेअरिंग आणि ग्रीस निपलवर रंग जाऊ देऊ नका.

सांध्याबद्दल शंका वाटली तर रंग मारण्याआधी फोटो याच नंबरवर पाठवा.