एका शिंकेमागचं सर्किट

गेल्या सेमिस्टरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे काय?" उत्तर येत होतं हो! पण उत्तराच्या आधी शिंक आली. मग दुसरी, तिसरी... सलग अकरा. सर शेवटी म्हणाले, "आधी जाऊन पाणी पिऊन ये." मार्क किती पडले ते विचारू नका.

त्या दिवशी समजलं नाही, पण मी त्या प्रश्नाचं उत्तर प्रात्यक्षिकासह देत होते! कसं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मित्रांनो, आपल्या सुदुंबऱ्यात पावसाळा ओसरला की दोन गोष्टी हमखास होतात. भंडारा डोंगर हिरवागार दिसतो आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत कमरेएवढं वाढून पांढरं फुलतं. याच गवताला कोणी काँग्रेस गवत म्हणतं. हे मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. आज ते देशभर आहे. त्याचे परागकण नाकात गेले की अनेकांना अॅलर्जिक ऱ्हायनायटिस होतो. अर्थात गुन्हेगार हे एकटंच नाही. बाकीच्या गवतांचे पराग, बुरशी, होस्टेलच्या गादीतले डस्ट माइट हेही त्याच टोळीतले.

माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'अस्तर' म्हणजे फ्रॉकचं अस्तर एवढंच ठाऊक. पण नाकालाही आतून अस्तर असतं. ओलसर, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. त्यात मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरून तयार असतात.

आता सर्किट बघू. पहिल्यांदा पराग नाकात गेला तर काहीच होत नाही. फक्त प्रोग्रामिंग होतं. एक पेशी परागातलं प्रथिन उचलून टी पेशींना दाखवते. ज्यांची प्रकृती अॅलर्जीची, त्यांच्या टी पेशी इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ हे रासायनिक निरोप पाठवतात. तो निरोप मिळाला की बी पेशी आयजीई नावाची अँटिबॉडी बनवू लागतात. (या आयजीईचा शोध १९६६-६७ मध्ये इशिझाका पती-पत्नींनी अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे लावला.) ही आयजीई जाऊन मास्ट पेशींच्या रिसेप्टरवर बसते. बॉम्ब तयार, फक्त बटण दाबायचं बाकी!

पुढच्या वेळी तोच पराग आला की त्याचं प्रथिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडतं. एकीला पकडून भागत नाही, दोन जोडल्या गेल्या पाहिजेत. आपल्या भाषेत अँड गेट! दोन रिसेप्टर जवळ आले की पेशीच्या आत लिन आणि सिक ही एन्झाइम एकामागून एक चालू होतात. शेवटी पेशीत कॅल्शियम घुसतं आणि त्या पुड्या बाहेर फुटतात. काही मिनिटांचाच खेळ.

बाहेर पडलेलं हिस्टामिन तीन ठिकाणी जातं. चेतातंतूच्या टोकाला लागलं की खाज, आणि मेंदूकडे निरोप जाऊन शिंक. रक्तवाहिन्यांना लागलं की त्या फुगतात, पाझरतात, नाक चोंदतं. आणि मेंदूकडून उलट आलेल्या निरोपामुळे ग्रंथी पाणी सोडतात, म्हणजे नळ चालू. चार ते बारा तासांनी दुसरी लाट येते. मधल्या काळात निरोप देऊन बोलावलेल्या इओसिनोफिल पेशी अस्तरात जमतात आणि सूज टिकवून धरतात. म्हणून सकाळी गवतातून चालत आलं की रात्री झोपताना नाक बंद!

आणि आता सरांचा प्रश्न. रोज पराग लागत राहिला तर अस्तरात या पेशींची गर्दी वाढते आणि थ्रेशोल्ड खाली येतो. सुरुवातीला ज्याला भरपूर पराग लागायचे, त्याला आठवड्याभराने थोडेसेही पुरतात. मग चाकण रोडची धूळ, डिझेलचा धूर, लॅबमधला सोल्डरिंगचा वास, कशानेही शिंका. हाच तो पॉझिटिव्ह फीडबॅक!

माझी चूक वेगळीच होती. एका मेडिकलवाल्याने दिलेले नाक मोकळं करणारे ड्रॉप्स मी अडीच महिने घातले. दोन मिनिटांत नाक उघडायचं, स्वर्गच! डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. हे ड्रॉप्स रक्तवाहिन्यांच्या रिसेप्टरला धरून त्या आकसवतात. पण तीन-पाच दिवसांच्या पुढे घातले तर रिसेप्टर दाद देईनासे होतात आणि औषधाचा असर संपला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग परत ड्रॉप्स. हाही फीडबॅकच, पण आपणच जोडलेला.

डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला. फोनवर आई लगेच म्हणाली, "स्टिरॉइड? नको गं बाई!" तेव्हा मी आईला सर्किटच समजावलं. अँटिहिस्टामिन गोळी फक्त हिस्टामिनचा रिसेप्टर अडवते, म्हणजे शेवटची वायर तोडते. म्हणून शिंक आणि खाज थांबते, चोंदलेपणा मात्र तितका जात नाही. स्टिरॉइड पेशीच्या केंद्रकात जाऊन निरोप बनवणारी जनुकंच शांत करतं, म्हणजे थेट कंट्रोल युनिटवर. पण त्याला वेळ लागतो. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे. दोन दिवस मारून "काही उपयोग नाही" म्हणून फेकायचा नाही. आणि फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारख्या स्प्रेमधलं औषध रक्तात फारच कमी जातं. स्प्रेचं टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेनं धरायचं. नाहीतर घोळणा फुटतो.

आईला पटलं. "मग ते ड्रॉप्स आधी फेकून दे," म्हणाली. फेकले. पहिले चार-पाच दिवस रात्री तोंड उघडं टाकून झोपले, रूममेटने घोरण्याचं रेकॉर्डिंगही केलं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मेसमध्ये शिरताना फोडणीचा वास आला आणि लक्षात आलं, अरे, नाक परत आलं!

तेव्हा मित्रांनो, महिनोन्‌महिने "सर्दी" चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, औषध मनाने घेऊ नका. छातीत घरघर होत असेल तर मुळीच थांबू नका, कारण नाकाचं अस्तर आणि दम्याचं नातं जवळचं आहे. आणि एनएसएसवाल्यांना एक विनंती. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, ग्लोव्हज आणि मास्क घालून.

मी मात्र येणार नाही हं. लांबून टाळ्या वाजवेन.