थंड चूल, बंद पडदा

जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर गेले म्हणजे चाकसू हे गाव लागते. तेथील ‘शील की डूंगरी’ या टेकडीवर शीतलामातेचे मंदिर आहे. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य अष्टमीस, म्हणजे आपल्या गणनेने फाल्गुन वद्य अष्टमीस, येथे मोठी यात्रा भरते. शीतलेच्या या सणाला चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशी रांधून ठेवलेले थंड अन्न देवीस अर्पण करून सारे कुटुंब तेच ग्रहण करते. आपल्याकडेही शीतलासप्तमीस अशीच चाल आहे. ज्या देवीच्या रोगाच्या भयाने ही उपासना रूढ झाली, तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये जाहीर केले. चुलीची ही विश्रांती मात्र टिकून राहिली.

आजच्या घरात चुलीहूनही अधिक वेळ चालू राहणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे इंटरनेट. त्याला विश्रांती केव्हा द्यावी आणि ती कोणी ठरवावी, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे गेल्या काही वर्षांतील वार्तांत आढळतात. त्यांपैकी काही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली वार्ता राजस्थानातीलच आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी तेथे शिक्षकांची पात्रता परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका फुटू नये म्हणून जयपूरसह अनेक जिल्ह्यांत त्या दिवशी मोबाइलवरील इंटरनेट बंद ठेवण्यात आले. परंतु लबाडीने दुसरी वाट शोधली होती. चपलेच्या तळव्यात ब्लूटूथ यंत्र दडवून परीक्षेस निघालेले काही जण बिकानेर येथे पकडले गेले. पुढे प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वीच फुटल्याचे उघडकीस आले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परीक्षेचा दुसरा स्तर रद्द करावा लागला. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, त्यांचे श्रम वाया गेले. जाळे सर्वांचे बंद झाले. चोर मात्र त्यापूर्वीच निसटला होता.

अशा बंदीचा भार लहान माणसावर अधिक पडतो. भाजीवाल्याचे पैसे आज पुष्कळदा मोबाइलवरूनच चुकते होतात, आणि इंटरनेट थांबले की ती देवघेवही अडते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून, इंटरनेटवाचून पैसे देता यावेत म्हणून ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू केली, ती अशा प्रसंगीही उपयोगी पडावी.

शासनाच्या या अधिकारास मर्यादा आहेत काय? सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात त्याचे उत्तर दिले. इंटरनेटद्वारे मत मांडणे व व्यवसाय करणे यांस घटनेचे संरक्षण आहे. त्यामुळे बंदी बेमुदत असू नये, ती आवश्यकतेपुरतीच असावी आणि तिचा आदेश प्रसिद्ध करावा, असे न्यायालयाने सांगितले.

दुसरे उत्तर परदेशातील आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा संमत केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. विशेष हे की, मुलांना किंवा पालकांना दंड नाही; उत्तरदायित्व कंपन्यांवर आहे. फ्रान्सने त्यापूर्वीच, १ जानेवारी २०१७ पासून, मोठ्या आस्थापनांतील नोकरवर्गास कामाच्या वेळेबाहेर कार्यालयीन संदेशांपासून दूर राहण्याचा हक्क दिला आहे.

तिसरे उत्तर आपल्या सांगली जिल्ह्यातील आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी टाळेबंदीच्या काळात मुलांच्या हाती शिक्षणासाठी मोबाइल आला, तो शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा गावाने ठराव केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास दूरदर्शनसंच व मोबाइल बंद! मुलांनी अभ्यासाला बसावे, वडीलधाऱ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे, असा त्यामागील हेतू होता. आरंभी लोक हसले. मग अंगणवाडी व आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन समजूत घातली.

या गावाने केवळ मुलांच्या हातून मोबाइल काढून घेतला नाही, तर वडिलांनीही आपला संच बंद केला. ‘तू अभ्यास कर’ असे सांगून स्वतः पडद्याकडे पाहत बसणाऱ्या आईबापांचे मूल किती ऐकेल, हे प्रत्येक गृहिणी जाणते.

चाकसूची थंड चूलही कोणाच्या हुकुमाने थंड होत नाही. आदल्या दिवशी तयारी केलेली असते, म्हणून कोणी उपाशी राहत नाही. आणि तो नियम घरातील सर्वांना सारखाच लागू असतो. आपल्या घरीही असे करता येईल. आज रात्री जेवणाच्या वेळी सर्वांनी मिळून एक तास ठरवावा. परगावच्या आप्तांना त्याची पूर्वकल्पना द्यावी, आजारी माणसासाठी एक फोन चालू ठेवावा, आणि पहिला पडदा घरातील वडील माणसाने बंद करावा. मुले आपोआप मागे येतील.