मामांचे रक्त नि मामींचा पाय

माझे आजोळ चांद्याकडचे. १९८२ पासून तो भाग गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. मी शाळकरी पोर असताना एका रात्री दहाच्या सुमारास सरकारी माणूस कंदील नि काचपट्ट्या घेऊन दारात उभा राहिला. हत्तीरोगाची तपासणी! "दिवसा यायला काय झालं होतं?" म्हणून मामा करवादले. पण बोट पुढे केले. मामींनीही केले. मामींचा डावा पाय तेव्हा खांबासारखा झाला होता, अधूनमधून हुडहुडी भरून ताप येई. मामा मात्र ठणठणीत.

निकाल आला. मामींच्या रक्तात जंतू नाहीत. मामांच्या रक्तात भरपूर!

"पट्ट्या बदलल्या मेल्यानं!" आजी म्हणाली. आम्हा सर्वांनाही तसेच वाटले.

पट्ट्या बदलल्या नव्हत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या बिचाऱ्याच्या रात्री येण्यालाही कारण होते. हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले दिवसा फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात नि रात्री, क्युलेक्स डासांच्या जेवणाच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. डासाच्या शरीरात ती वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात पाहिले.

पण खरी नवलाई पुढेच आहे. कृमीची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी बारीक. ती लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे संसार थाटते, लाखो पिल्ले घालते. एवढे बिऱ्हाड घरात आले नि घरच्या पहारेकऱ्यांना पत्ता नाही? पत्ता असतो हो! पण कृमी त्यांची समजूत घालते. आपल्याच शरीरात भांडण आवरणाऱ्या पेशी असतात. त्यांना ती हाताशी धरते. इंटरल्यूकिन-१० नावाचा शांततेचा निरोप सर्वत्र फिरू लागतो. हाकाटी करणारी आयजीई प्रतिपिंडे असतात खरी, पण आयजीजी-४ ही मवाळ प्रतिपिंडे त्यांची जागा अडवून बसतात. मामांच्या अंगात झाला होता तो असा तह.

मामींच्या शरीराने तह मानला नाही. पिल्ले मारली, पण त्या झगड्यात लसिकावाहिन्याच जायबंदी झाल्या, पाणी साचले, चिरांतून शिरलेल्या जंतूंनी वरचेवर ताप आणला. लढणारी अधू झाली नि शरण गेलेला हिंडता-फिरता राहिला! अर्थात तहही फुकटचा नव्हे. धडधाकट दिसणाऱ्यांच्याही लसिकावाहिन्या आतून फुगलेल्या आढळतात. शिवाय मामांचे रक्त पिऊन डास घरोघर जात होतेच.

मामांना बारा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्याच दिवशी ताप, अंगदुखी. पिल्ले भराभर मेली, त्यांच्या पोटातले वोल्बाकिया जीवाणू बाहेर सांडले नि इतके दिवस निजलेले पहारेकरी खडबडून उठले. मामांना हे कोण सांगणार? "धडधाकट माणसाला आजारी पाडतात!" म्हणून त्यांनी उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

गेल्या वर्षी गावात घरोघर गोळ्या वाटल्या, तेव्हा मी तिथेच होतो. मला काही झाले नाही. मामेभावाला मात्र रात्री ताप चढला. "जंतू मरत असतील रे, भिऊ नकोस, सकाळी आरोग्यसेविकेला दाखवू," मी म्हटले नि हे सारे त्याला सांगितले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी त्या गोळ्या खायलाच हव्या होत्या?"