सेफ्टी रेझर आणि त्वचेचें स्वास्थ्य

रोजच्या व्यवहारांतील कांहीं कामें इतकीं अंगवळणीं पडलेलीं असतात, कीं त्यांत शिकण्यासारखें कांहीं उरलें आहे असें कोणासच वाटत नाहीं. दाढी हें त्यांपैकींच एक. मुलगा वडिलांना आरशासमोर पाहतो, पुढें कधींतरी त्यांचाच रेझर गुपचूप हातीं घेतो, आणि त्या पहिल्या दिवशीं हाताला जी संवय जडते तीच बहुधा जन्मभर टिकते. गळा लाल झाला, कॉलर लागून चुरचुरूं लागला, हनुवटीखालीं बारीक पुटकुळ्या उठल्या, तर दोष दिला जातो तो कातडीच्या नाजुकपणाला, साबणाला किंवा पात्याच्या कारखानदाराला. हाताकडे मात्र कोणी पाहत नाहीं. वास्तविक पुष्कळशा त्रासाचें मूळ तेथेंच असतें.

वस्तरा चालविण्याचें कसब एके काळीं न्हाव्याच्या हातीं असे. तो आधीं चेहरा पाण्यानें भिजवी, बोटांनीं चोळी, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजी, आणि केसांचा कल ओळखून मगच हात चालवी. हें काम घरोघर नेलें तें सेफ्टी रेझरनें. वस्तऱ्याला आडोसा जोडून इजा टाळण्याचे प्रयत्न अठराव्या शतकापासून चालू होते. परंतु धार न लावतां फेंकून द्यावयाच्या पातळ पात्याची कल्पना रूढ केली ती अमेरिकेंतील किंग कँप जिलेट यानें. त्यानें १९०१ मध्यें पेटंटसाठीं अर्ज केला आणि तें त्याला १९०४ मध्यें मिळालें. इतक्या पातळ पोलादाला पाणी देण्याचा अवघड प्रश्न विल्यम निकर्सन या यंत्रज्ञानें सोडविला. १९०३ सालीं अवघे ५१ रेझर खपले होते. पुढच्याच वर्षीं हा आंकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकी सरकारनें सैनिकांसाठीं सुमारें ३५ लाख रेझर घेतले, आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांबरोबर हें साधन घराघरांत शिरलें. रेझर पेटींत घालून विकतां आला. न्हाव्याचें कसब मात्र त्या पेटींत घालतां आलें नाहीं.

तें कसब समजून घ्यावयाचें तर पातें नेमकें काय कापतें हें आधीं पाहिलें पाहिजे. दाढीचा केस केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असतांना तो ताठ व चिवट असतो. पाणी शोषल्यावर तो फुगतो, मऊ पडतो आणि पुष्कळच कमी जोरानें कापला जातो. मात्र पाणी आंत मुरण्यास दोन ते तीन मिनिटें लागतात. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर हा शरीराचें चिलखतच होय. पण त्याची जाडी मिलिमीटरच्या एकदोन शतांशांइतकीच असते. पात्याचा प्रत्येक फेरा केसाबरोबर या थराचाही कांहीं अंश खरवडून नेतो. एकाच जागीं कोरड्यावर चारपांच वेळां पातें फिरलें, कीं चिलखत झिजतें, ओलावा निघून जातो आणि आग सुरू होते. तेव्हां कमींत कमी फेऱ्यांत व कमींत कमी दाबानें केस कापणें, हेंच या कलेचें सार आहे.

म्हणूनच दाढी स्नानानंतर करावी हें उत्तम. तें न जमल्यास कोमट पाण्यानें चेहरा नीट भिजवावा व भिजतच ठेवावा. ब्रश प्रथम गोलाकार फिरवावा, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात. मग रंग दिल्याप्रमाणें वरखालीं फिरवून फेस सारखा करावा. मोठ्या बुडबुड्यांचा हलका फेस दिसावयास भरघोस असला तरी त्यांत हवाच फार. चांगला फेस घुसळलेल्या दह्यासारखा दाट, ओलसर आणि तकतकीत असतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यांत साबणाचा साका होतो व फेस टिकत नाहीं. अशा ठिकाणीं उकळून निवविलेलें पाणी बरेंच उपयोगी पडतें, कारण उकळल्यानें जडपणाचा कांहीं भाग खालीं बसतो.

दुसरी गोष्ट केसांच्या कलाची. एका दिवसाची दाढी वाढूं द्यावी आणि कोरड्या चेहऱ्यावरून बोटें चारी दिशांनीं फिरवून पाहावीं. ज्या दिशेनें हात विनाअडथळा सरकतो तो सुलटा कल. ज्या दिशेनें खुंट टोंचतात तो उलटा. गालांवर हा कल बहुधा वरून खालीं असतो, परंतु गळ्यावर तो खालून वर, आडवा किंवा भोंवऱ्यासारखाही असतो. पुष्कळांचा गळाच तेवढा चुरचुरतो याचें कारण हेंच. गालावर सुलटा पडणारा हात गळ्यावर नकळत उलटा पडत असतो. स्वतःच्या चेहऱ्याचा असा नकाशा एकदां कागदावर काढून ठेवला तर तो वर्षानुवर्षें उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट कोन आणि दाब यांची. रेझरची वरची टोपी गालाला टेंकवावी व दांडी गालाशीं काटकोनांत धरावी. या स्थितींत पातें त्वचेला लागत नाहीं. मग दांडी हळूहळू खालीं आणावी. ज्या क्षणीं धार त्वचेला जेमतेम स्पर्श करते तोच योग्य कोन. पातें आणि त्वचा यांमध्यें तो सुमारें ३० अंशांचा भरतो. कोन फार वाढला तर पातें कापण्याऐवजीं खरवडतें. दाब तर मुळींच देऊं नये. दांडी शेवटाजवळ दोनतीन बोटांत सैल धरावी, म्हणजे दाबण्याचा मोह आपोआप आवरतो. रेझरचें स्वतःचें वजन पुरेसें असतें. हात इंचभराचा असावा, आणि दोनतीन हातांमागें पातें पाण्यांत बुडवून केस झटकावे. जबड्याच्या हाडावर व कंठमण्यावर पृष्ठभाग सपाट नसतो. तेथें मान वळवून कातडी सपाट करून घ्यावी, पण ती ओढून ताणूं नये.

पहिल्या फेरींतच दाढी गुळगुळीत झाली पाहिजे, हा हट्ट सर्वांत घातक. पहिल्या फेरींत सुलट्या कलानें खुंट फक्त आंखूड करावे. नंतर पुन्हा फेस लावून कलाला आडवा हात फिरवावा. बहुतेकांना एवढें पुरतें. उलटा हात ज्याच्या त्वचेला सोसतो त्यानेंच फिरवावा, आणि तोही ताज्या फेसावर. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनीं तर दाढी घोटण्याचा नाद सोडावा हेंच बरें. त्वचा ताणून, उलटा हात फिरवून कापलेला केस त्वचेच्या पातळीखालीं जातो. तिरप्या कापामुळें त्याला टोंक येतें. आणि वाढतांना तें टोंक बाहेर न पडतां शेजारच्या मांसांत घुसतें. शरीर त्याला परक्या कांट्याप्रमाणें वागवितें, आणि गांठी, पू व पुढें काळे डाग दिसूं लागतात. असें झाल्यास कांहीं आठवडे रेझर बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तीच पुटकुळी रोज कापीत राहिल्यानें दुखणें वाढतें.

पोलादासारखें पातें मऊ केसानें बोथट कसें होतें, याचा उलगडा २०२० मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनीं केला. केस पोलादाहून सुमारें ५० पटींनीं मऊ असतो. तरीही तो वांकून पात्याला तिरपा भिडला, कीं जेथें पोलादाची घडण एकसारखी नसते तेथें धारेचा सूक्ष्म टवका उडतो. अशा टवके उडालेल्या पात्यानें केस कापला जाण्याऐवजीं ओढला जातो. म्हणून पातें किती दिवस वापरावें हें पंचांग पाहून ठरवूं नये. केस ओढला जात आहे असें वाटतांच तें बदलावें. काटकसर म्हणून आणखी दोन दिवस रेटलेलें पातें मलमाचा खर्च वाढवितें. दुसऱ्याचें पातें तर कधींच वापरूं नये. रक्ताच्या अदृश्य अंशांतूनही कावीळ ब व क यांसारखे रोग पसरूं शकतात.

दाढी संपल्यावर थंड पाण्यानें चेहरा धुवावा, टॉवेलनें न घांसतां टिपून घ्यावा, आणि बारीक कापलें असल्यास ओली तुरटी फिरवून थोड्या वेळानें धुवून टाकावी. तुरटीनें प्रथिनें साकळतात व रक्त थांबतें. पुढें एखादें साधें, बिनवासाचें मलम पुरे. स्पिरिटयुक्त सुगंधी द्रव्यें सोललेल्या त्वचेवर झोंबतात आणि तिला अधिकच कोरडी करतात.

दाढी केल्यानें केस राठ होतात, म्हणून एकदां सुरुवात झाली कीं रोजच घोटली पाहिजे, ही समजूत अनेक घरांत अजून आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनीं १९२८ मध्येंच प्रयोगांनीं दाखवून दिलें, कीं दाढीचा केसांच्या वाढीवर परिणाम होत नाहीं. कापलेलें टोंक बोथट असल्यामुळें तें राठ भासतें, इतकेंच. तेव्हां त्वचा दुखावली असेल त्या दिवशीं तिला विश्रांति देण्यांत कोणतेंच नुकसान नाहीं.

शेवटीं वापरलेल्या पात्याविषयीं. तें कागदांत गुंडाळून केरांत टाकलें जातें, आणि केर निवडणाऱ्याच्या बोटांत शिरतें. रिकाम्या डब्याच्या झांकणाला एक फट पाडून सारीं जुनीं पातीं त्यांत टाकीत जावीं आणि डबा भरल्यावर तो पक्का बंद करून, त्यावर ‘पातीं’ असें लिहून मगच बाहेर द्यावा. स्वतःच्या गळ्याची जी काळजी घेतली जाते, तीच त्या अनोळखी हातांचीही घेणें एवढेंच या कामांत उरतें.